मधल्या सीटवरचा माणूस

आमच्याकडे बाई भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावर पदर, नजर खाली, आणि त्याचं नाव तर चुकूनही घ्यायचं नाही. पण एका अंगणात राहायचं आणि बोलायचं नाही, हे जमायचं कसं? त्यावर आमच्या बायकांनी कधीचा उपाय काढून ठेवला आहे. भासऱ्याला ऐकवायचं ते म्हशीला ऐकवायचं. लग्न होऊन आल्यापासून मी आमच्या म्हशीला इतकं काही ऐकवलं आहे, की ती अजून दूध देते हेच नवल.

माझा भासरा कडूबा. त्याच्याविषयी बोलताना मी अहो-जाहो करत आले, मनात कधी केलं नाही. हट्टी माणूस. एकदा बोलला की बोलला, मग देव खाली उतरला तरी शब्द बदलणार नाही. त्याची बायको पुष्पाबाई, म्हणजे माझी जाऊ. तिच्यामार्फत बोलता आलं असतं, पण चुली वेगळ्या झाल्या तेव्हा पितळी हंड्यावरून आमचं जे वाजलं, तेव्हापासून ती मला पाहिलं की दार लावून घेते. राहिला माझा नवरा गोविंदा. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे तोच सांगणार. गरीब स्वभावाचा, कुणाला दुखवत नाही, असं सारं गाव म्हणतं. मीही म्हणत होते.

या वर्षी वाटणी निघाली. आमचं गाव वरवट बकालच्या पुढं, जळगाव जामोदच्या रस्त्यावर. हा सगळा खारपाणपट्टा आहे. बोअर मारली की मिठाचं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि भांडं दोन दिवस तसंच राहिलं तर बुडाला पांढरा थर धरतो. आमची दोन वावरं आहेत. खालचं गावाला लागून, कोरडवाहू. वरचं डोंगराच्या पायथ्याला, तिथं सासऱ्यांनी खोदलेली विहीर आहे आणि तिचं पाणी गोड आहे. त्या पाण्यावर संत्र्याची झाडं उभी आहेत. घरात प्यायचं पाणीही तिथूनच कॅन भरून येतं, आमच्या पिकअपमधून. पिकअप सासऱ्यांनी जुनीच घेतली होती आणि ती चालवायचा गोविंदा.

पुरुष मारुतीच्या पारावर बसले आणि वाटणी करून आले. गोविंदानं घरी येऊन खाली मान घालून सांगितलं, की वरचं वावर विहिरीसकट भाऊला, आणि आपल्याला खालचं वावर आणि पिकअप.

"आन् तुम्ही हो म्हणून आले?"

"भाऊ म्हणे, गाडी घ्या नाईतर काईच नाई."

मी त्या दिवशी म्हशीला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. कडूबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता आणि ढिम्म हलला नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गोडी विहीर गेली तर गेली, गाडी धडधाकट असेल तर तिच्यावर भाडी मारून पोट भरता येईल. संत्र्याचा हंगाम आहे, कापूस आहे, गाडीला काम कमी नाही. म्हणजे आमचं सगळं आता त्या एका इंजिनवर होतं. आणि सोमवारी तहसीलमध्ये सह्या व्हायच्या होत्या.

देऊळघाटला माझा भाऊ निवृत्ती पिकअपच चालवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "वंदे, सहीच्या आंधी सर्व्हिसिंग करून घे. आन् समोर उभी राहून करून घे. जुन्या गाडीत जाड तेल टाकलं की खराब इंजिनचा आवाज दबते. इकणारे हेच करते. तू पंधरा-चाळीसचंच, पातळ तेल टाकाले लाव. तिन्ही फिल्टर नवे. आन् रेडिएटरमधी पाणी नाई, कूलंट."

मी अंगणात जाऊन म्हशीला सांगितलं, "सर्व्हिसिंग झाल्याबिगर सही होत नाई म्हणावं. आन् मी संग येतो म्हणावं."

कडूबानं ओट्यावरून गोविंदाला सांगितलं, "चाल म्हण. माहं काय जाते?"

शनिवारी सकाळी निघालो. गाडी कडूबानं चालवायला घेतली, वाटणी होईपर्यंत ती आपली आहे हे मला दाखवायला. मी खिडकीशी. भासऱ्याला खेटून बसायचं नाही म्हणून मध्ये गोविंदा, गिअरच्या दांड्यापाशी पाय आखडून. अर्ध्या रस्त्यात इंजिन तापल्याचा काटा वर चढला तसा गोविंदा म्हणाला, "भाऊ, थांब, पाणी टाकतो." मागच्या हौद्यातून कॅन काढून त्यानं फडक्यानं झाकण सोडलं आणि पाणी ओतलं. उन्हानं तापते म्हणाला. सकाळची वेळ होती, ऊन कुठलं आलंय? मला वाटलं, भावाची बाजू सावरतोय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

जळगाव जामोदला प्रसेनजितचं गॅरेज आणि त्याला लागूनच स्पेअर पार्टचं दुकान आहे, दोन्ही त्याचीच. हा प्रसेनजित कामाला बरा, पण गिऱ्हाइकाच्या भांडणात पडायचं नाही म्हणून दोन्हीकडे मान हलवणारा.

"तेल कोणतं टाकू?" त्यानं विचारलं.

"जाडं टाक," कडूबा म्हणाला. "वीस-पन्नास. त्याच्याऊन जाडं असन तर ते टाक."

निवृत्तीचा शब्द माझ्या कानात होताच. मी गोविंदाकडे तोंड केलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंधरा-चाळीस टाका म्हणावं. डिझेल गाडीचं. डब्याचं सील माह्यासमोर फोडा म्हणावं."

"जुन्या गाडीले जाडंच लागते, हे तिले सांग," कडूबा गोविंदाला म्हणाला.

"जाड्या तेलानं काय झाकाचं आहे ते इचारा त्याईले."

"तिले म्हण, गाडी का शिलाई मशीन आहे काय?"

गोविंदा एकदा इकडे पाहायचा, एकदा तिकडे. एकाचा शब्द दुसऱ्याकडे न्यायची गरजच नव्हती, आम्ही चार हातांवर उभे होतो. तरी सवयीनं त्याचे ओठ हलत होते. प्रसेनजित म्हणाला, "कंपनीचं म्हणणं पंधरा-चाळीसच आहे. इंजिन झिजलेलं असलं तर काही लोक जाडं टाकतात. तुम्ही आपसात ठरवा."

"झिजलं आहे का इंजिन?" मी गोविंदालाच विचारलं.

गोविंदा म्हणाला, "नाई तं. मस्त आहे."

"मग पंधरा-चाळीस," मी म्हणाले. डबा काउंटरवर आला.

फिल्टरवरून पुन्हा तेच. ऑइल फिल्टर कडूबाला बिननावाचा हवा होता, डब्यावर वाघाचं चित्र असलेला. मी कंपनीचाच मागितला. डिझेल फिल्टर अजून चालते म्हणाला. मी म्हणाले, त्याच्यात पाणी साठलं आणि भर रस्त्यात गाडी बंद पडली तर ढकलायला त्यांना बोलवा म्हणावं. एअर फिल्टर हवा मारून पुन्हा बसव, असं त्यानं फर्मावलं. प्रसेनजितनं तो काढून जमिनीवर आपटला तर गेल्या हंगामाची सगळी धूळ आणि कापसाची तुसं त्यातून पडली. दुकानात आलेले दोघं-तिघं हसायला लागले. मी त्या हसण्यातच नवा फिल्टर काउंटरवर ठेवून घेतला. ब्रेक ऑइल काळं झालं होतं, ते बदलायला मात्र कडूबानं हूं की चूं केलं नाही. जीव त्यालाही प्यारा आहे.

"आन् कूलंट," मी म्हणाले. "हिरवं. पाणी नाई."

"पाण्यानं काय होते?" कडूबा भडकला. "बैल पाणी पेते, ट्रॅक्टर पाणी पेते, हिची गाडी शरबत पेणार!"

तोवर इंजिन निवलं होतं. प्रसेनजितनं रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं, आत पाहिलं आणि बोट घालून बाहेर काढलं. बोटाला पांढरा लगदा होता. झाकणाच्या कडेला तोच थर, दगडासारखा कडक.

तो काय आहे हे त्या दुकानात कुणाला सांगावं लागलं नाही. आमच्या हंड्याच्या बुडाला तोच असतो. अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर तोच असतो.

"बोअरचं पाणी टाकलं हो कोणीतरी," प्रसेनजित म्हणाला. "एकदा नाही, कितीतरी दिवस. नळ्या बुजल्या सगळ्या."

त्यानं इंजिनखालचा बोल्ट सोडला आणि जुनं तेल घमेल्यात उतरवायला लागला. ते काकवीसारखं जाड उतरत होतं, आणि त्यात मधूनच चहाच्या रंगाचा फेस येत होता. प्रसेनजितनं हात पुसले. पाणी इंजिनात उतरलं होतं. इंजिनचं वरचं झाकण, हेड, तापून वाकलं असणार, म्हणाला.

"नवं तेल भर," मी म्हणाले. या वेळी मी गोविंदाला सांगितलं नाही, सरळ प्रसेनजितला सांगितलं. "फिल्टर बसव, तेल भर आन् चालू कर. मले आवाज ऐकाचा आहे."

"तेल वाया जाईन," कडूबा म्हणाला.

"जाऊ दे वाया," मी प्रसेनजितलाच म्हणाले.

फिल्टर बसले, तेल भरलं, वरून कूलंट टाकलं. प्रसेनजितनं चावी फिरवली. आधी एक धक्का, मग धूर, निळा, दुकानाच्या पाटीपर्यंत. आणि मग तो आवाज. टक टक टक टक, आतून कुणी हातोडीनं ठोकतंय असा. समोरच्या टपरीवरचे लोक चहा हातात घेऊन वळून पाहायला लागले. एवढे दिवस जाड तेलात गुदमरलेला आवाज तो, आता मोकळा झाला होता.

"पूर्ण खोलावं लागेल," प्रसेनजित म्हणाला आणि चावी बंद केली.

माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर आली. काठावरचं जांभळाचं झाड, मोटार चालू केल्यावर पाइपातून येणारं पहिलं थंड पाणी. ते सगळं या टकटकीच्या बदल्यात गेलं होतं. मला रडू यायला हवं होतं. संताप आला. मी वळले, पदर खांद्यावर पडला तो तसाच राहू दिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाले,

"कडूबाभाऊ!"

गोविंदाच्या हातातून फडकं पडलं. अशा ठिकाणी, चार माणसांत, भासऱ्याचं नाव! पण मी थांबणार नव्हते.

"गोडी इहीर तुम्ही घेता आन् आमाले हे भंगार देता? तुमाले ठावं होतं इंजिन गेलं म्हणून. लाज नाई वाटली सख्ख्या भावाले फसवाले?"

कडूबानं सवयीनं गोविंदाकडे पाहिलं, त्यानं काहीतरी सांगावं म्हणून. गोविंदा खाली वाकून फडकं शोधत होता. मग कडूबा माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याचे डोळे नीट पाहिले. तोही भडकलेला होता, पण गोंधळलेलाही होता.

"मले काय ठावं? मी त्या गाडीले हात लावतो काय? आज चालवली तेवढीच."

"मग जाड्या तेलासाठी काऊन आडून बसले होते?"

"यानं सांगितलं! सकाळीच म्हणे, भाऊ, मेकॅनिक काई म्हणन, वंदना काई म्हणन, तू जाडंच मांगजो. जुन्या गाडीले तेच लागते. मले तेलातलं काय कळते?"

मी गोविंदाकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, पण मान खालीच होती.

"आन् वावर?" मी कडूबालाच विचारलं. "गाडी घ्या नाईतर काईच नाई, हे कोण म्हटलं?"

"कोण म्हटलं?" कडूबाचा आवाज चढला. "मी तं पारावर पयल्याच दिवशी म्हटलं, दोन्ही वावरं अर्धी-अर्धी करू, इहीर मदात ठेवू, दोघाईची, गाडी इकून टाकू. पाचजण साक्षी आहेत. दुसऱ्या दिवशी हाच आला सांगत, वंदनाले वावर नको, तिले गाडीच पाह्यजे. तिचा भाऊ गाडी चालवते, तिले उन्हात जायचं नाई म्हणे. मले राग आला तुहा. म्हटलं, बापाची इहीर लाथाडते ही बाई, तं घे तुही गाडी!"

उन्हात जायचं नाही! मी, जी रोज डबा घेऊन त्या वावरात चालत जाते, जिनं त्या झाडांची आळी खुरपली, तिला उन्हात जायचं नाही! आम्ही दोघांनी एकदमच गोविंदाकडे पाहिलं.

"बोल बे," कडूबा म्हणाला.

गोविंदानं हातातलं फडकं पिळलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पाणी मीच टाकलं. अंगणातलं बोअरचं. जवळ होतं म्हणून. गोड्या कॅनाले हात लावला तं घरात बोलणं बसे. मंग गाडी तापाले लागली. मंग आवाज आला. मंग एकानं सांगितलं जाडं तेल टाक, मी टाकलं."

"आन् गाडी इकाले काऊन नाई काढू देली?" मी विचारलं.

"घेणाऱ्यानं झाकण उघडलं असतं ना. भाऊले कळलं असतं." "म्हटलं, आपल्याच वाट्याले आली तं कोणाले कळणार नाई. मंग हळूहळू दुरुस्त करू. तुमा दोघाईले भेऊन केलं मी सारं."

समजलं. खारं पाणी टाकल्याचं झाकायला या माणसानं गोडं पाणी देऊन टाकलं होतं. माझं, माझ्या लेकरांचं. आणि इतके दिवस मी म्हशीच्या आडून ज्याला शिव्या घातल्या, त्याचा त्यात काही दोष नव्हता. दोष माझ्या पंगतीला जेवत होता.

कडूबानं हात उचलला. मी मध्ये पडले नाही. पण चार लोक पाहत होते, आणि गोविंदानं मान इतकी आत ओढून घेतली होती, की मारणाऱ्यालाच लाज यावी. कडूबाचा हात खाली आला.

"सोमवारी सही होत नाई," मी म्हणाले.

"सही तं होते," कडूबा म्हणाला. लगेच मूळ पदावर आला. "आता मी तिथी पाइप टाकला. रोपं आणली. आता अर्धं-बिर्धं काई नाई."

"पाइप काढून घ्या तुमचा. इहीर सासऱ्याईची आहे."

"आन् हे भंगार? हे मी घेऊ काय?"

"दोघं घेऊ. दोघाईच्या बापानं आणलं होतं. जसं इंजिन दोघाईचं, तशी इहीर दोघाईची. तुम्हीच म्हटलं होतं पारावर, पाचजण साक्षी आहेत. का आता शब्द बदलता?"

हे त्याला बरोबर लागलं. कडूबा शब्द बदलत नाही, हाच तर त्याचा तोरा. तो मिशी चावत उभा राहिला. मी पदर डोक्यावर घेतला, पण तोंड फिरवलं नाही.

प्रसेनजित म्हणाला, तेल आणि कूलंट नवं आहे, हळूहळू गावापर्यंत पोचेल, पण त्यापुढं चालवू नका. आम्ही निघालो. कडूबा चाकावर बसला. मी माझ्या दाराशी. गोविंदा सवयीनं मधल्या जागेसाठी चढायला लागला.

"इथी नाई," मी म्हणाले. "मांगं."

तो मागे हौद्यात जाऊन पाण्याच्या कॅनापाशी बसला. मी दार लावलं. माझ्या आणि भासऱ्याच्या मधली जागा रिकामी होती. त्या जागेवरून आम्ही गाव जवळ येईपर्यंत भांडलो. झाडं कुणाकडे किती, मोटार कोणत्या दिवशी कुणी लावायची, विहिरीवरचं जांभूळ कुणाचं. तो ओरडत होता, मी ओरडत होते, वर इंजिन टकटकत होतं. पण जे बोलायचं ते तोंडावर आणि जे ऐकायचं ते स्वतःच्या कानांनी. असं भांडण मला आधीच मिळायला हवं होतं.

गावच्या फाट्याच्या अलीकडे त्यानं गाडी हळू केली. मग समोर पाहतच म्हणाला, "बरं. इहीर मदात. पण सोमवारी तू ये. याले आणू नको."

"येतो मी," मी म्हणाले.

तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली. काटा वर चढत होता. काचेपलीकडे गोविंदा दोन्ही हातांत बोअरचा कॅन धरून, तोंड काचेला लावून विचारत होता, "पाणी टाकू काय?"

मी मागं वळले नाही.

"कडूबाभाऊ," मी म्हणाले, "त्याईले म्हणा, झाकणाले हात लावाचा नाई."